कापलेले हुंकार

कात्रीकाका : तो डबा असा ओढू नकोस, पेन्सिल. त्याची वायर खालून टेबलाच्या पायाला बांधलेली आहे. सुतळीने.

लेक : बाबांनी?

कात्रीकाका : मग आणखी कोणी? संगणकाला सुतळीने बांधून ठेवणारा अख्ख्या शाळेत एकच मास्तर. म्हणे, मुलांचा पाय अडकतो. मुलांचा कसला, त्यांचाच अडकायचा.

लेक : मला आता पेन्सिल म्हणून कोणी हाक मारत नाही, काका.

कात्रीकाका : म्हणून तर मी मारतो. कानावर पेन्सिल खोचून हिंडायचीस दिवसभर. चौतीस वर्षांची झालीस म्हणून काय नाव बदलू? मलाही अजून सगळे कात्रीकाकाच म्हणतात, आणि या शाळेत मी कधी कागदसुद्धा कापलेला नाही.

लेक : आवाज कापलेत.

कात्रीकाका : आवाज कापलेत, हे मात्र खरं. बस. त्या खुर्चीवर नको, ती टेकलं की मागे जाते. इकडे ये. सरांचं सामान खोक्यात भरून ठेवलंय. चष्म्याचं घर, कानतुटका कप, रंगीत खडू. बाकी ही सगळी यंत्रं बाराला भंगाराच्या गाडीत. वर नवीन टॅब आलेत, पाटीएवढे. आता माझी ही खोली रिकामी, आणि मार्चअखेर मीही रिकामा.

लेक : खोकं नेते मी. पण मी खोक्यासाठी रजा काढली नाही, काका.

कात्रीकाका : मग कशासाठी?

लेक : बाबांचा आवाज हवाय मला.

कात्रीकाका : घरी नाही?

लेक : बाबा गेल्यापासून चार महिने शोधतेय. जुने फोन चार्ज करून पाहिले. घरातले सगळे व्हिडिओ त्यांनीच काढलेले, म्हणजे सगळ्यांत आम्ही आहोत आणि ते कॅमेऱ्याच्या मागे. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत दोनदा दिसतात, पण त्या फोटोवाल्याने वर गाणी चढवलीत. निरोप पाठवायचे ते लिहून, स्वल्पविरामासकट. रात्री फोनवर बोलायचे अर्धा अर्धा तास. पण रोजचं बोलणं कोण साठवून ठेवतं? उद्या पुन्हा होणारच असतं ते.

कात्रीकाका : वहिनी कशा आहेत?

लेक : आई बरी आहे. स्वयंपाक करते, पेपर वाचते. फक्त बोलता बोलता मधेच थांबते. 'दूधवाला आज आला नाही' म्हणते आणि थांबते. मग पुढचं वाक्य. मला आठवडाभर कळेचना, ही अशी अडखळते का. मग लक्षात आलं, ती बाबांच्या 'हं'साठी जागा ठेवते.

कात्रीकाका : चाळीस वर्षांची सवय. जाईल कशी?

लेक : म्हणून म्हटलं, शाळेत असेल. बाबांनी इथं पंधरा वर्षं रेकॉर्डिंग केली.

कात्रीकाका : केली ना. पहिल्या वर्षी तर एकच रेकॉर्डर होता, साबणाच्या वडीएवढा. चाळीस मुलं आणि एक रेकॉर्डर. मुख्याध्यापक म्हणाले, नागरिकशास्त्राच्या तासाला हे खेळणं कशाला? सर म्हणाले, पुस्तकात लिहिलंय शेजाऱ्याचा आदर करा. आधी शेजारी काय बोलतो ते कळू दे. आणि निघाली वरात. 'गल्लीचा बोलका नकाशा.' भिंतीवर नकाशा, घराघरावर आकडा, आकडा दाबला की इथून त्या घरातल्या माणसाचा आवाज. शिंप्याचा, नर्सबाईंचा, कुलूपवाल्याचा. ज्याच्या त्याच्या भाषेत.

लेक : प्रश्न एकच. तुमची आई रागावली की काय म्हणायची?

कात्रीकाका : आठवतंय की तुला! नाव-पत्ता विचारला की माणूस ऑफिसातली भाषा बोलतो, आई कशी रागवायची विचारलं की घरची. शिंपी बघ, बत्तीस वर्षं इथं, आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा. आईची बोलणी सांगायला लागला आणि अशी काही घरची भाषा सुटली, की त्याची बायको आतून धावत आली. तिला वाटलं, सासूबाईच आल्या!

लेक : ते मी रेकॉर्ड केलं होतं. हसून हसून माझा हात हलत होता.

कात्रीकाका : त्या हलण्याची खरखर आहे अजून त्यात. काढू देत नव्हते सर. आणि मागच्या बोळातला दिवा आठवतो? तिथल्या लोकांना अर्ज लिहिता येईना, कचेरीची भाषा वेगळी. तुम्ही पोरांनी प्रत्येकाची तक्रार त्याच्या भाषेत रेकॉर्ड केली, खाली भाषांतर लिहिलं आणि नेऊन साहेबांच्या टेबलावर लावलीत. अकरा माणसं एकामागून एक, 'अंधार आहे, अंधार आहे.' तिसऱ्या दिवशी दिवा.

लेक : आणि प्रत्येक फितीच्या आधी ते वाक्य. 'माझा आवाज माझा आहे. तो ठेवायला माझी हरकत नाही. परत मागितला तर परत द्यायचा.'

कात्रीकाका : हरकत नाही म्हटल्याशिवाय सर बटण दाबू द्यायचे नाहीत. आणि ती इस्त्रीवाली? तिने परत मागितला. आईच्या रागावण्याची नक्कल केली होती तिने, आणि दोन महिन्यांत आई गेली. म्हणाली, ऐकवत नाही, पुसा. सरांनी तिच्यादेखत पुसला. सहा महिन्यांनी बिचारी परत आली. आहे का हो कुठे? कुठे असणार? त्या दिवशी सरांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मला म्हणाले, आजपासून ज्याचा आवाज त्याला दोनदा विचारल्याशिवाय एक शब्दसुद्धा पुसायचा नाही. ठेवायला परवानगी लागते, तशी पुसायलाही.

लेक : काका, मग तेवढ्या फितींमधून एखाद्यात तरी...

कात्रीकाका : तीनशे चाळीस फिती आहेत, पेन्सिल. सगळी गल्ली आहे. सर नाहीत. का नाहीत, ते मी तुला सांगायचं?

लेक : नाही. मला माहीत आहे.

कात्रीकाका : मग राहू दे.

लेक : नको राहू देऊ. मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आंतरशालेय प्रदर्शन होतं. आपला नकाशा मधोमध लावला होता. शिंप्याची फीत लावली. चार मिनिटांची. तो बोलतोय आणि मधेमधे बाबा. 'हं.' 'हं, मग?' 'हं.' समोर दुसऱ्या शाळेची मुलं बोटांवर मोजायला लागली. एकतीस झाले. मग त्यांनी ती फीत परत लावली. शिंप्यासाठी नाही, 'हं'साठी. जिना उतरताना एक मुलगा माझ्या मागून प्रत्येक पायरीला 'हं... हं...' करत आला. त्याला माहीत नव्हतं मी कोणाची मुलगी ते.

कात्रीकाका : गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, पोरी. नाहीतर गोष्ट थांबते.

लेक : आता कळतं. बारा वर्षांची होते मी तेव्हा. पुढच्या शुक्रवारी वर्गसभा होती.

कात्रीकाका : त्या सभेचीही फीत आहे.

लेक : लावा.

कात्रीकाका : कशाला उगाच?

लेक : लावा, काका. बारा वाजता ती भंगारात जाणार.

कात्रीकाका : हेडफोनचा स्पंज गेलाय, कानाला टोचेल. थांब, मोठ्यानेच लावतो.

यंत्रातली मुलगी : मी ठराव मांडते की... आपल्या फितींमध्ये सरांचा आवाज नको.

लेक : आता शांतता. बघा.

यंत्रातली मुलगी : आपल्या फितींमध्ये सरांचा आवाज नको!

लेक : बंद करा.

कात्रीकाका : केलं. झालं, बंद.

लेक : दोनदा म्हटलं मी. ऐकलंत? बावीस वर्षं मला हेच आठवतंय. ते फळ्यापाशी उभे होते, हातात निळा खडू. मी बोलले. ते गप्प. आणि तरी मी परत बोलले, ओरडून. एकदा लागलं ते पुरेसं नव्हतं जणू. ते शांतपणे मतदान घेऊन मोकळे झाले, संध्याकाळी घरी येऊन मला भूगोलाचे नकाशे काढून दिले. पुढं कधी विषयसुद्धा नाही.

कात्रीकाका : ठराव एकोणतीस विरुद्ध दोन. ते दोघं मागच्या बाकावरचे, सगळ्याच ठरावांविरुद्ध हात वर करायचे.

लेक : आणि बाबांनी तो पुढं शेवटपर्यंत पाळला. माझा वर्ग पास होऊन गेला, मी कॉलेजात गेले, तरी पाळला. सातवीतल्या मुलीचा ठराव! कोणी विचारणार होतं का त्यांना?

कात्रीकाका : मी विचारलं होतं. म्हणाले, वर्गाने ठरवलं ते मास्तरला नको वाटलं म्हणून मोडायचं, तर मग शिकवू नये नागरिकशास्त्र, गणित घ्यावं.

लेक : ते गप्प राहिले तेवढा वेळ मला अजून मोजता येतो. माझ्या लग्नात, बाळंतपणात, कधीही कोणी बोलायचं थांबलं की...

कात्रीकाका : पेन्सिल.

लेक : काय?

कात्रीकाका : सर गप्प होते असं कोण म्हणतं?

लेक : तुम्ही आत्ता ऐकलंत की. आठ सेकंद.

कात्रीकाका : मी या खोलीतली कात्री आहे. गप्प राहणं आणि कापलेली जागा, दोन्ही मला ओळखू येतात. माणूस गप्प असला तरी मागे पंखा असतो, बाक करकरतो, कोणीतरी नाक ओढतं. या आठ सेकंदांत पंखासुद्धा नाही. परत लावून बघ.

लेक : म्हणजे?

कात्रीकाका : ठराव मंजूर झाला, तास संपला. सर फीत घेऊन इथं आले. म्हणाले, आजच्या फितीपासून सुरुवात कर, मग मागच्या सगळ्या. काप.

लेक : मला काही ऐकल्याचं आठवत नाही. चेहरा आठवतो त्यांचा. खडू आठवतो. माझे कान बंद झाले होते बहुतेक. काका... काय म्हणाले होते ते?

कात्रीकाका : मला विचारू नकोस. ज्याचं वाक्य त्यानेच बोलावं.

लेक : पण ते तर कापलंत तुम्ही.

कात्रीकाका : कापलं. पुसलं कुठे? इस्त्रीवालीनंतर या यंत्रातून मी कोणाचं एक अक्षर पुसलेलं नाही. सरांनी मला काप म्हणून सांगितलं. पूस म्हणून नाही. एकदा सांगितलं असतं तरी मी दुसऱ्यांदा विचारलं असतं. हे बघ, हे फोल्डर.

लेक : 'हुंकार.'

कात्रीकाका : चार हजार एकशे बारा तुकडे. तारखेवार. बहुतेक सगळे 'हं.' काही 'हं, मग?' काही 'घाई नाही, सावकाश सांगा.' खोकला आहे सतरा ठिकाणी. एका ठिकाणी शिंक, आणि मग ते स्वतःलाच 'माफ करा' म्हणतात.

लेक : बाबांना माहीत होतं?

कात्रीकाका : निवृत्तीच्या दिवशी सांगितलं. म्हटलं, सर, तुमचं एवढं देणं माझ्याकडे पडून आहे, काय करू? ठेवू की पुसू? तर काय म्हणाले असतील?

लेक : 'हं.'

कात्रीकाका : 'हं' म्हणाले आणि सायकल काढून गेले! आता याचा अर्थ कोणी लावायचा?

लेक : द्या मला. पेनड्राइव्ह आणलाय मी. हा घ्या.

कात्रीकाका : लावतो. पण नुसतं भरून ठेवायला. ऐकायचं म्हणशील तर ठराव आडवा येतो.

लेक : काका, थट्टा नका करू आत्ता.

कात्रीकाका : थट्टा नाही गं. बावीस वर्षं मी त्या माणसाचा ठराव सांभाळलाय. त्यांचा काय, तुझा ठराव. तो मोडून त्यांचा आवाज लावला तर मला उद्या जेवण जाणार नाही. पण ठराव मागे घेता येतो. ज्याने मांडला त्याने उभं राहून मागे घ्यायचा, मग हात वर. नियम सरांचाच.

लेक : इथं वर्ग कुठे आहे?

कात्रीकाका : आहोत की. तू आहेस, मी आहे. सरांनी मला कधी मत देऊ दिलं नाही, मी वर्गात नव्हतो म्हणून. आज देतो. हा माईक. याचा दिवा लाल आहे म्हणजे चालू आहे.

लेक : मी... माझा ठराव मागे घेते.

कात्रीकाका : अनुमोदन.

मोठ्या बाई : काका, अहो गाडी फाटकात उभी आहे! अजून एकही यंत्र सुटलं नाही? तुम्ही आलात होय, ताई. खोकं मिळालं ना? सॉरी हं, मी मधेच... काय चाललंय? हात वर का केलेत दोघांनी?

कात्रीकाका : मतदान आहे, बाई. तुम्हीही करा. एक मत कमी पडतंय.

मोठ्या बाई : घ्या, केला वर. आता आवरूया का?

कात्रीकाका : खाली घ्या, खाली घ्या. कशासाठी ते माहीत नसताना हात वर करायचा नाही. सरांचा पहिला धडा.

मोठ्या बाई : अहो, मग सांगा तरी कशासाठी.

लेक : माझ्या वडिलांचा आवाज आहे या यंत्रात, बाई. लोकांच्या मुलाखती घेताना मधेमधे म्हटलेले 'हं.' मी सातवीत असताना ठराव करून ते सगळे काढायला लावले होते. आता तो ठराव मागे घेतेय. म्हणजे मला ऐकता येतील.

मोठ्या बाई : 'हं' म्हटलेले तुकडे?

कात्रीकाका : चार हजार एकशे बारा.

मोठ्या बाई : नवीन टॅबमध्ये ते आपोआप निघून जातात. म्हणजे, 'हं', 'अं', मधली शांतता, सगळं. मला वाटलं होतं, बरी सोय आहे. माझे वडील मुळी काही बोलायचेच नाहीत, ताई. नुसतं 'हं' असतं तरी चाललं असतं मला. हा घ्या हात. आता माहीत असून.

कात्रीकाका : तीन विरुद्ध शून्य. मागचा बाक आज गैरहजर.

मोठ्या बाई : गाडीवाल्याला सांगते, हे यंत्र शेवटी. नाहीतर राहू दे इथेच. सुतळी सोडायची गरज नाही. मी बसू का दोन मिनिटं?

कात्रीकाका : बसा, पण त्या खुर्चीवर नको. कुठला तुकडा लावू, पेन्सिल? एखादा नुसता 'हं' लावू का आधी? सवय होऊ दे कानाला.

लेक : नको. त्या शुक्रवारचा.

कात्रीकाका : हा बघ. आठ सेकंद. दाबू?

लेक : मी दाबते.

(ती बटण दाबते. आधी पंखा ऐकू येतो, मग बाक करकरतो.)

सरांचा आवाज : हं. ठराव चांगला आहे. पण मागच्या बाकाला ऐकू गेला नाही, पेन्सिल. घाबरायचं नाही. मोठ्याने म्हण.

मोठ्या बाई : ताई, पाणी आणू?

लेक : नको. काका, त्या माईकचा दिवा अजून लाल आहे ना?

कात्रीकाका : आहे.

लेक : मघाशी मी फार हळू बोलले. परत म्हणते. आपल्या फितींमध्ये सरांचा आवाज हवा!